भिंतीवरचा जोशी

खामगावाहून चिखलीकडे जाणाऱ्या सडकेवर उंद्री हे गाव लागते. येथल्या कोणत्याही घराच्या ओसरीवर चढून आत दृष्टी टाकली, तर देव्हाऱ्याच्याही आधी दिसते ती खिळ्याला टांगलेली दिनदर्शिका. आणि तिच्यापाशी जाऊन चष्मा सावरीत ती वाचू लागले, म्हणजे पटवाऱ्याच्या दप्तरात जसा सबंध गावाचा कारभार बांधलेला असे, तसा त्या बारा पानांत एका घराचा वर्षभराचा कारभार बांधलेला आढळतो. एका चौकटीत पेन्सिलीने ‘दू. २’ असे लिहिलेले असते, पलीकडच्या चौकटीत ‘दू. नाही’, कोठे गॅसची टाकी लागल्याची खूण, कोठे गाय फळवल्याची तारीख, कोठे सोयाबीन पेरल्याची, कोठे बचत गटाच्या हप्त्याची. या गृहिणीच्या अक्षराखाली, बारीक ठशात, तिथी, नक्षत्र, चंद्राची रास आणि संकष्टीचा चंद्रोदय छापलेला असतो. छापलेले आणि लिहिलेले यांचा असा निःसंकोच संसार मराठीत दुसऱ्या कोणत्याही पुस्तकाच्या नशिबी आला नाही. कादंबरीच्या समासात दुधाचा हिशेब लिहिणारा वाचक मी अजून पाहिलेला नाही, आणि एखाद्याने तसे केलेच, तर लेखकाला ते रुचेल की नाही, याची मला शंका आहे.

ज्या गृहस्थाने हा कागद घरोघर पोहोचविला, तो पिंडाने लेखक होता. जयंत शिवराम साळगावकर हे त्याचे नाव. मालवणात १ फेब्रुवारी १९२९ रोजी जन्मलेला हा मनुष्य मुंबईस आला, लेखणीवर जगला, शब्दकोडी रचून त्यांचा व्यवसाय केला, ज्योतिषावर लिहिले, समर्थ रामदासांच्या चरित्रावर ‘सुंदरमठ’ ही कादंबरी लिहिली, आणि १९७३ साली ‘कालनिर्णय’ काढून प्रकाशक झाला. लेखकाचे प्रकाशक होणे ही आपल्याकडे सहसा घर विकण्याची पूर्वतयारी समजली जाते. साळगावकरांच्या बाबतीत मात्र उलट घडले. ते का घडले हे समजून घ्यावयाचे, तर मालवण आणि मुंबई क्षणभर बाजूला ठेवून गावच्या जोशाकडे वळले पाहिजे. कारण साळगावकरांनी जी जागा घेतली, ती पूर्वी त्याची होती.

वऱ्हाड १८५३ साली इंग्रजांच्या हाती जाईपर्यंत निजामाच्या अंमलात होते, आणि त्या अंमलात रयतेला एकाच वेळी दोन-तीन काळांत जगावे लागे. सरकारी जमाबंदी फसली सनाने चाले. पिकांच्या हंगामाला जुळवून घेतलेली ही कालगणना शहाजहानाच्या आमदानीत दख्खनेत रूढ झाली होती. मुसलमानांचे सण हिजरी सनाने येत, आणि पेरणी, लग्न, वास्तू, श्राद्ध ही सारी शालिवाहन शकाच्या तिथीवर अवलंबून असत. पाटील वसुलाचा हप्ता एका सनाने मोजी आणि लेकीच्या लग्नाची तिथी दुसऱ्या शकाने काढी. या दोन काळांमधला दुभाष्या म्हणजे जोशी. जोशीपणाचे वतन असे, वतनाबरोबर हक्क असे, आणि गुढीपाडव्याला देवळाच्या पारावर बसून नव्या संवत्सराचे फळ वाचून दाखविणे हे त्याचे वर्षातले पहिले कर्तव्य असे. राजा कोण, मंत्री कोण, मेघाधिपती कोण, पाऊस किती आढक, हे सारे गाव पागोटी सावरून ऐके आणि वाचन संपले की शिध्याचे ताट पुढे करी. पुढे मृगाच्या तोंडाला कोणी वाटेत गाठून विचारी, “महाराज, यंदा मिरगाचं वाहन काय हाय?” आणि महाराजांनी ‘बेडूक’ किंवा ‘म्हैस’ म्हटले की विचारणाराचा चेहरा खुले, ‘गाढव’ किंवा ‘कोल्हा’ निघाला की तो बियाण्याचे पोते पुन्हा एकवार मनातल्या मनात तोलून पाही. नक्षत्राला वाहन देण्यामागचे गणित शेतकऱ्याला ठाऊक नसे. जोशालाही ते क्वचितच ठाऊक असे. त्याच्यापाशी असे ती वरच्या गावच्या जोशाकडून उतरवून घेतलेली हस्तलिखित प्रत, आणि प्रत उतरविताना एखादी घटिका इकडची तिकडे झाली, तर एकादशीच बदले.

ही मक्तेदारी मोडली ती छापखान्याने. मुंबईत एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात गणपत कृष्णाजी या भंडारी गृहस्थाने, अमेरिकन मिशनचा छापखाना पाहून पाहून, स्वतःचे शिळायंत्र उभे केले आणि मराठी पंचांग छापून विकावयास आणले. छापलेला कागद धर्मकृत्याला चालावा कसा, शाईत चरबी असते त्याचे काय, हा त्या काळचा मोठाच आक्षेप होता. तेव्हा या चतुर मुद्रकाने शाईत तूप घातले, असे सांगतात. मला ही हकीकत फार प्रिय आहे. पंचांगाच्या धंद्यात ज्यांना ज्यांना पुढे यश आले, त्या सर्वांनी कोणत्या ना कोणत्या रूपात शाईत तूप घातलेलेच आहे. त्यानंतर जावजी दादाजी आले. लहानपणी त्याच मिशनच्या छापखान्यात मोलमजुरी केलेल्या या पुरुषाने १८६९ साली निर्णयसागर छापखाना काढला, आणि त्याच्या सुबक ठशांतले पंचांग महाराष्ट्राच्या कानाकोपऱ्यात गेले. जावजींना संस्कृत येत नव्हते, आणि काशीपासून रामेश्वरापर्यंतचे पंडित त्यांच्या छापखान्यातली संस्कृत पुस्तके प्रमाण मानीत.

वऱ्हाडात हा माल येण्याची वाटही त्याच सुमारास मोकळी झाली. मुंबईहून निघालेली लोहमार्गाची वाट १८६७ साली नागपुरास पोहोचली, आणि जलंबपासून खामगावापर्यंतचा छोटा फाटा १८७० साली खुद्द गव्हर्नर जनरल लॉर्ड मेयो याच्या हस्ते सुरू झाला. तो अर्थातच खामगावच्या कापूस बाजारासाठी होता. परंतु ज्या डब्यातून कापसाच्या गाठी जात, त्याच मार्गाने परतताना छापील कागदही येऊ शकत असे. खामगावच्या पेठेत चार-सहा आण्यांस मिळणारे पंचांग उंद्रीसारख्या गावच्या वाण्याच्या पेटीत येऊन पडले, त्या दिवशी जोशाचे अर्धे वतन गेले. मामलेदाराचा हुकूम नाही, पंचनामा नाही, कोणाची तक्रारही नाही.

पुढच्या शंभर वर्षांत पंडितांनी पंचांगावर जे वाद घातले ते येथे सविस्तर सांगण्याचे प्रयोजन नाही. केरो लक्ष्मण छत्रे यांनी आकाशातल्या प्रत्यक्ष ग्रहांशी जुळणारे पटवर्धनी पंचांग काढले, शंकर बाळकृष्ण दीक्षितांनी १८९६ साली भारतीय ज्योतिषशास्त्राचा इतिहास लिहून या सर्व वादाला विद्वत्तेचे अधिष्ठान दिले, टिळकांनी पंचांगशुद्धीचा कैवार घेतला, सोलापुरास दाते पंचांग सुरू झाले, आणि स्वातंत्र्यानंतर मेघनाद साहा यांच्या समितीच्या शिफारशीवरून सरकारने २२ मार्च १९५७ पासून, म्हणजे राष्ट्रीय चैत्र १, शके १८७९ पासून, स्वतःचीच एक कालगणना सुरू केली. ही सरकारी कालगणना आजही आकाशवाणीवर आणि राजपत्रावर नित्यनेमाने उच्चारली जाते. ती पाहून कोणी हरभरा पेरल्याचे मात्र ऐकिवात नाही. या सर्व खटाटोपानंतरही पंचांग हे पंचांगच राहिले: पिवळट कागदाचे, लांबोडके, दोऱ्याने खुंटीला बांधलेले, आणि कोष्टकांनी इतके भरलेले की तिथी, वार, नक्षत्र, योग आणि करण ही पाच अंगे असूनही, त्यातून आजचा दिवस शोधून काढण्यासाठी घरातला एक जाणता पुरुष लागे. बाईमाणसाने त्याला हात लावण्याचे कारण पडत नसे, आणि पडले तरी तिला ते वाचता येऊ नये, अशीच त्याची रचना होती.

दुसऱ्या बाजूला भिंतीवरची तसबीर होती. दुकानदार, गिरण्या, बियाण्याच्या व विड्यांच्या कंपन्या दर वर्षी गिऱ्हाइकाला कॅलेंडर फुकट वाटत. वर लक्ष्मी किंवा बाळकृष्ण, खाली दुकानाचे नाव, आणि सर्वांत तळाशी, संकोचून बसल्यासारख्या, इंग्रजी महिन्याच्या तारखा. चित्र देवाचे म्हणून वर्ष संपल्यावरही ते भिंतीवरून उतरत नसे. म्हणजे महाराष्ट्राच्या घरात काळ सांगणारी दोन साधने होती: एक विकत घ्यावे लागे आणि वाचता येत नसे, दुसरे वाचता येई, पण त्यात वाचण्याजोगे काही नसे.

साळगावकरांनी या दोहोंचे लग्न लावले. ऐकावयास ही गोष्ट अगदी सोपी वाटते, आणि सोप्या गोष्टी प्रथम ज्याला सुचतात त्याला श्रेय देण्यात आपण नेहमीच कंजुषी करतो. माझ्या मते या कल्पनेचे मूळ त्यांच्या ज्योतिषाच्या व्यासंगापेक्षा शब्दकोड्यांच्या धंद्यात शोधावे. शब्दकोडे रचणाराला एक विलक्षण शिस्त लागते: चौकट ठरलेली असते, ती वाढविता येत नाही, आणि जे काही सांगावयाचे ते तिच्यातच बसवावे लागते. आडवा शब्द उभ्या शब्दाला छेदून जातो, आणि एकच अक्षर दोन्हींना चालावे लागते. महिन्याचे पान पुढ्यात घेऊन पाहावे: आडवा वार, उभी तारीख, आणि जेथे ती एकमेकांस छेदतात तेथे एक चौकट, त्या बोटभर चौकटीत इंग्रजी तारीख, मराठी तिथी, नक्षत्र, सण, पुण्यतिथी, हिजरी चंद्र आणि पारशी रोज यांना एकमेकांच्या पायावर पाय न देता उभे करावयाचे. पंचांगकर्त्या शास्त्र्याला हे जमले नसते, कारण त्याला काही गाळण्याची सवय नव्हती. वर्षानुवर्षे कोडी रचलेल्या माणसाला ते जमले.

नाव ठेवण्यातही लेखक दिसतो. ‘कालनिर्णय’ हे चौदाव्या शतकातल्या माधवाचार्यांच्या धर्मशास्त्रीय ग्रंथाचे नाव. तिथी कोणती धरावी, व्रत कोणत्या दिवशी करावे, याची मीमांसा त्यात आहे. पुढे १६१२ च्या सुमारास कमलाकरभट्टांनी ‘निर्णयसिंधु’ लिहिला, १७९० मध्ये पंढरपूरच्या काशीनाथ उपाध्यायांनी ‘धर्मसिंधु’ रचला, आणि जावजींच्या छापखान्याच्या नावातही तोच ‘निर्णय’ आहे. साळगावकरांनी ही सबंध परंपरा एका शब्दात उचलली आणि वाण्याच्या दुकानात खिळ्याला टांगली. ज्या घरात धर्मसिंधु कधी उघडला गेला नसता, त्या घरात त्याचा निकाल मात्र रोज सकाळी वाचला जाऊ लागला.

परंतु एवढ्यानेच दिनदर्शिका विकली गेली नसती, कारण लोकांना कॅलेंडर फुकट घेण्याची सवय होती. येथे प्रकाशकाची दुसरी युक्ती कामास आली, आणि ती म्हणजे पानाची मागची बाजू. महिन्याच्या पाठीवर कागद कोराच असतो; तेथे त्यांनी नामवंत लेखकांचे लेख, आरोग्यविचार, पाककृती आणि राशिभविष्य छापले. अशा रीतीने ती दिनदर्शिका एकाच वेळी पंचांग आणि मासिक झाली, आणि वर्षाची वर्गणी एकदाच भरून बारा अंक पदरात पाडून घेण्याचा व्यवहार मराठी मध्यमवर्गाला मानवला. पाककृती या तिथींपेक्षा अधिक खपल्या असाव्यात असा माझा तर्क आहे. राशिभविष्य छापले नसते तर बरे झाले असते, असेही माझे मत आहे. पण शाईत तूप घातल्याशिवाय हा धंदा होत नाही, हे वर सांगितलेच. जे व्यापारी स्वतःची कॅलेंडरे फुकट वाटीत होते, तेच मग या दिनदर्शिकेच्या तळाशी आपले नाव छापून घेऊन ती वाटू लागले. प्रतिस्पर्ध्याला आडत्या करून टाकण्याचा हा डाव खामगावच्या बाजारातल्या जुन्या दलालांनीही वाखाणला असता.

जाहिरातीच्या बाबतीतही हा गृहस्थ संकोची नव्हता. आकाशवाणी आणि पुढे दूरदर्शन यांवरून दिनदर्शिकेच्या नावाची जी छोटी पदरचना ऐकू येई, ती अक्षरओळख नसलेल्या माणसालाही पाठ झाली. आणि हळूहळू दिनदर्शिकेच्या पाठोपाठ तिचा कर्ताही लोकांसमोर आला. ‘ज्योतिर्भास्कर’ ही पदवी त्यांच्या नावामागे लागली. अधिकमास आला, संक्रांत चौदा जानेवारीची पंधराला गेली, ग्रहण लागले, शके १९०४ मध्ये क्षयमासासारखा दुर्मीळ प्रसंग आला, की वार्ताहरांना विचारावयास एक माणूस लागे, आणि वाचकांना तो माणूस आपल्या भिंतीवर आधीच राहत असल्यासारखा वाटे. वर्तमानपत्री स्तंभ, पुस्तके, व्याख्याने, मुलाखती हे सर्व त्यातूनच वाढत गेले. पूर्वी एका गावाला एक जोशी असे; आता अवघ्या महाराष्ट्राला एक जोशी मिळाला होता, आणि तो वतनदार नसून छापखान्याचा मालक होता. या फरकाचे महत्त्व कमी लेखू नये. वतनदार जोशी ज्याच्या घरी जाई त्याचीच तिथी सांगे, आणि कोणाच्या घरी जावयाचे नाही हेही तोच ठरवी. छापील चौकट जात विचारीत नाही. उंद्रीच्या ज्या वस्तीत जोशाचे पाऊल पूर्वी पडले नसते, तेथेही संकष्टीचा चंद्रोदय आणि १४ एप्रिलची भीमजयंती एकाच ठशात, एकाच कागदावर पोहोचली.

एका बाबतीत मात्र या कागदाची खरी कसोटी आमच्या बुलढाणा जिल्ह्यानेच पाहिली आहे. येथे कोणता सण कोणत्या काळाने येईल याचा नेम नाही. शेगावच्या गजानन महाराजांचा प्रकटदिन माघ वद्य सप्तमीला आणि पुण्यतिथी ऋषिपंचमीला, म्हणजे तिथीप्रमाणे. सिंदखेडराजास जिजाऊंचा जन्मोत्सव १२ जानेवारीला, म्हणजे तारखेप्रमाणे. सैलानीबाबा हे मुसलमान फकीर, पण त्यांच्या दर्ग्याची यात्रा भरते होळीला, आणि त्या होळीत नारळ पडतात ते सर्व धर्मांच्या लोकांचे. पोळा श्रावण अमावस्येचा, मृग जूनच्या सात-आठ तारखेचा, कारण नक्षत्र सूर्याचे. सालदाराचे साल पाडवा-आखजीच्या आसपास फिरते, आणि पीककर्जाची मुदत मार्चअखेर. शिवजयंतीचे तर दोन दिवस, सरकारी १९ फेब्रुवारीचा आणि फाल्गुन वद्य तृतीयेचा, आणि बिचाऱ्या चौकटीला कंसात ‘तारखेप्रमाणे’ आणि ‘तिथीप्रमाणे’ असे दोनदा लिहून दोन्ही पक्षांचा मान राखावा लागतो. निजामाच्या काळी पाटलाला दोन सनांत जगावे लागे असे वर म्हटले. आजच्या उंद्रीकराला त्याहून अधिक काळांत जगावे लागते, फक्त त्याचा दुभाष्या आता भिंतीला टांगलेला आहे आणि शिधा मागत नाही.

जे या चौकटीत मावले नाही, तेही जिल्ह्यातच आहे. जळगाव जामोद तालुक्यात भेंडवळ या गावी अक्षय तृतीयेच्या सायंकाळी शेतात घट मांडतात. वर्तुळाकार धान्ये ठेवतात, मध्ये खड्डा करून पावसाळ्याच्या चार महिन्यांची चार ढेकळे मांडतात, त्यावर घागर, पापड, करंजी, पानसुपारी. आणि रात्रभर त्या जागेकडे कोणी फिरकत नाही. पहाटे ज्या धान्याचा दाणा जागचा हलला, ज्या ढेकळाला ओल आली, त्यावरून पीकपाण्याचे आणि राज्यकारभाराचेही भाकीत सांगितले जाते. सुमारे तीन शतकांची ही परंपरा चंद्रभान महाराज वाघ यांनी सुरू केली असे मानतात. अंधश्रद्धेचे विरोधक तिच्यावर टीका करतात, आणि ती टीका मला पटते. परंतु पहाटे त्या शेताच्या बांधावर जमलेला कास्तकार पाहिला, म्हणजे त्याला हवी असलेली वस्तू मुंबईच्या कागदात कधीच नव्हती, हेही दिसते. छापील पंचांगाने त्याला मृग कधी लागतो ते सांगितले. मृग पडेल की नाही, हा त्याचा खरा प्रश्न जोशालाही सुटला नव्हता आणि साळगावकरांनाही.

२० ऑगस्ट २०१३ रोजी मुंबईत जयंत साळगावकर निवर्तले, वयाच्या पंच्याऐंशीव्या वर्षी. त्याच दिवशी सकाळी पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला. मुहूर्त सांगणारा आणि मुहूर्तावर विश्वास ठेवू नका म्हणून आयुष्यभर सांगत फिरणारा, असे महाराष्ट्राचे दोन ख्यातकीर्त पुरुष एकाच दिवशी गेले, आणि दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रांत दोघांच्या वार्ता आल्या.

घरोघर ते ऑगस्टचे पान त्या वेळी खिळ्यावरच होते. विसाव्या तारखेच्या चौकटीत जे काही होते, ते वर्षाआधी जुळवून छापलेले, श्रावणातल्या सणाच्या गडबडीचे. डिसेंबर संपला की हे कागद उतरवायचे, मुलांच्या वह्यापुस्तकांना त्यांची कव्हरे घालायची, उरलेले मोहरी-जिऱ्याच्या डब्यांच्या तळाशी अंथरायचे, हा आमच्याकडचा रिवाज. तशीच ती पानेही गेली असतील. आणि पुढल्या वर्षीच्या कागदाला भोक पाडून तो त्याच खिळ्यावर अडकविण्यापूर्वी कोणीतरी जुन्या पानावरचा गाय फळवल्याचा दिवस नव्या पानावर उतरवून घेतला असेल.